खानापूर रोडच्या नर्सरीतला वाळा: माल उत्तम, माहिती अपुरी

खाणीच्या वर्कशॉपच्या सांडपाण्यासाठी इथला वाळा घ्यायला हरकत नाही. जुडी जाड, मुळं पांढरी, पानं वीतभर राखून छाटलेली. सांडपाण्यातल्या फिनॉल या विषारी रसायनाचा बराचसा भाग मुळांलगतचे जिवाणूच फस्त करतात. मुळांच्या आत शिरलेल्या फिनॉलवर पेरॉक्सिडेज विकरं (एन्झाइम) काम करतात, मग त्याला ग्लुकोज किंवा ग्लुटाथायोन (पेशीतलाच एक छोटा रेणू) चिकटवून पेशी ते रिक्तिकेत, म्हणजे आपल्या आतल्या साठवणीच्या पिशवीत, कोंडते. पण डिझेल-ऑइलचा तवंग आधी ऑइल ट्रॅपमध्ये (तेल अडवायच्या टाकीत) काढाच, नाहीतर मुळं गुदमरतात. नर्सरीवाले हे सांगत नाहीत, तेवढं खटकतं. पिशवीतलं रोप असेल तर माती पूर्ण धुवा, नाहीतर लागवडीच्या वाफ्यातली खडी चोंदते. १५ सेंमी अंतरावर लावा. ३ आठवडे साधं पाणी, पुढे निम्मं सांडपाणी. कापलेली पानं म्हशींपुढे टाकू नका.