प्रश्नपत्रिकांच्या यंत्रावर कपड्यांचा अंक : जुन्या रिसोसोबत नऊ महिने

आधी छाप मोजणारा काउंटर सांगतो, कारण जुनं यंत्र घेणारा पहिल्यांदा तेच विचारतो. मागच्या ऑगस्टमध्ये ही ए-थ्री रिसो (रिसोग्राफ, स्टेन्सिलवरून भराभर प्रती काढणारं यंत्र) घरी आली तेव्हा आकडा सात लाखांच्या वर होता. आज मे महिन्यात त्यात ३१ हजारांची भर पडलीय. त्यातले निम्मे छाप आमच्या अंकाचे, निम्मे गल्लीतल्या एका क्लासच्या प्रश्नपत्रिकांचे. प्रश्नपत्रिका नसत्या तर शाईचा खर्चही निघाला नसता.

अंक म्हणजे सोलापुरातल्या कपड्यांवरचं २४ पानांचं छोटं प्रकाशन. आतापर्यंत तीन निघाले, प्रत्येकी २०० प्रती. मी बावीस वर्षं चादरीच्या डिझाइनचे ग्राफ काढले, आता युनिफॉर्मवाल्यांचे कॅटलॉग करतो. अक्काचं शिलाई युनिट आहे. दोघांच्या डोक्यात बरेच दिवस होतं की या गावात एवढं कापड विणलं जातं, शिवलं जातं, देशभर जातं, पण ते घालणाऱ्या-विणणाऱ्या माणसांचा फोटो कुठल्या कॅटलॉगात नसतो. ऑफसेटवाल्याकडं गेलो तर तो हजार प्रतींच्या खाली बोलायला तयार नाही. डिजिटल प्रिंटचा हिशेब प्रतीमागं असा बसला की अंक कुणी विकत घेतला नसता. मग एक क्लास बंद होताना त्यांची रिसो निघाली ती उचलली.

ज्यांना यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: काचेवर मूळ कागद ठेवायचा (किंवा संगणकावरून फाइल द्यायची). आतलं थर्मल हेड मास्टर नावाच्या पातळ कागदाला बारीक बारीक भोकं पाडतं, तो मास्टर ड्रमला गुंडाळला जातो, आणि ड्रमच्या आतली शाई त्या भोकांतून खालून जाणाऱ्या कागदावर उतरते. म्हणजे जुनी सायक्लोस्टाइलच, फक्त स्टेन्सिल हातानं कोरावं लागत नाही. एका ड्रमला एकच रंग. दुसरा रंग पाहिजे तर ड्रम बदला, नवा मास्टर करा, तोच कागद परत घाला.

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. जॅकार्डचं पंचिंग (मागावर नक्षी विणण्यासाठी कार्डांना भोकं पाडणं) आणि हे, दोन्ही एकाच घरातले. कार्डात भोक असेल तिथं हूक उचलला जातो आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो. इथं भोक असेल तिथं शाई येते. ग्राफच्या एकेका चौकोनात रंग भरत बसलेल्या माणसाला, एक रंग एका वेळी असा विचार करायला वेगळं शिकावं लागत नाही. कॉलेजात ग्राफिक डिझाइन शिकलेला माझा भाचा मात्र पहिले पंधरा दिवस वैतागला होता, ‘मामा, हिरवा कुठाय?’ म्हणून. हिरवा नाहीच. निळ्यावर पिवळा चढव, तुझा तू कर. आणि पिवळ्याचा ड्रम नाही आपल्याकडं.

खर्चाचं गणित असं. माझ्याकडं एक कंपॅटिबल (दुसऱ्या कंपनीचा) मास्टर आठ-दहा रुपयांच्या घरात पडतो. त्यामुळं वीस प्रती काढायच्या असतील तर कोपऱ्यावरचं झेरॉक्स बरं. पन्नासच्या पुढं रिसो स्वस्त होत जाते, कारण मास्टर एकदाच लागतो आणि नंतर शाई-कागदाचाच खर्च. आमच्या अंकाला सहा ए-थ्री कागद, दोन्ही बाजू, दोन रंग, म्हणजे २४ मास्टर. दोनशे प्रतींवर वाटले की मास्टरचा भार प्रतीमागं सव्वा रुपयाच्या आत येतो. वेग मिनिटाला शंभराच्या वर जातो, पण मी साठवर चालवतो. घाई केली की रंग सरकतो.

रंग सरकणं, म्हणजे रजिस्ट्रेशन. दुसऱ्या रंगाचा छाप पहिल्यावर तंतोतंत बसत नाही, एक-दीड मिलिमीटर इकडंतिकडं होतोच. पुण्या-मुंबईचे डिझाइनवाले याला रिसोची गंमत म्हणतात. मला गंमत वाटत नाही, चादरीत फूल असं सरकलं असतं तर मालकानं ठाण परत केलं असतं. पण अडचण ओळखून काम केलं तर चालतं: दोन रंगांच्या कडा एकमेकांना भिडवायच्या नाहीत, एकतर पूर्ण वर चढवायच्या नाहीतर मध्ये जागा सोडायची. पानाच्या कडेपर्यंत छापताही येत नाही, चारी बाजूंनी पांढरी पट्टी राहते. आम्ही ती ठेवून दिली, चादरीला काठ असतो तसा.

आता खरी तक्रार. शाई वाळत नाही. ती तेलाची असते, कागदात मुरते, पण बोट घासलं तर महिन्यानंतरही डाग येतो. आर्ट पेपरवर तर मुरतच नाही, वर तरंगत राहते. नॅचरल शेडचा, खरखरीत, ८० ते १०० जीएसएमचा कागद घ्या. दिवाळीच्या अंकाचा गठ्ठा मी अक्काच्या युनिटमध्ये ठेवला आणि माझ्याच शहाणपणानं तो शाळेच्या पांढऱ्या शर्टांच्या सॅम्पलवर टेकवला. दुसऱ्या दिवशी अकरा शर्टांच्या कॉलरवर निळं. साबणानं काही गेलं नाही. अक्का दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ‘नुकसान भरून दे की मग’ एवढंच. भरलं. तेव्हापासून दोन्ही बाजू छापायच्या तर मध्ये एक रात्र जाऊ देतो, आणि गठ्ठ्याला प्लास्टिक गुंडाळल्याशिवाय तो घराबाहेर पडत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या वस्तीत राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्या: रुई. शेजारी माग चालतात, हवेत तूस असतंच. काचेवर एक तंतू पडला की दोनशे प्रतींवर काळा केस उमटतो. मी आता प्रत्येक मास्टरआधी काच पुसतो, यंत्रावर जुनी चादर टाकून ठेवतो. मे महिन्याच्या उन्हात कागद इतका कोरडा होतो की चार-चार ताव चिकटून आत ओढले जातात, म्हणून छपाई पहाटे. सप्टेंबरच्या पावसात उलट, कागद वाकडा होतो. दुरुस्तीला माणूस बाहेरगावाहून येतो, त्याची वाट पाहण्यात एकदा नऊ दिवस गेले. कागद आत ओढणारा पिकअप रोलर झिजलाय एवढंच निघालं. तो रोलर कसा बदलायचा ते मी त्याच्याकडून शिकून घेतलं, तुम्हीही घ्या.

एवढं सहन करून हातात काय आलं, तर कापडाची वीण. फोटो काढून छापलेलं कापड या यंत्रावर मेल्यासारखं दिसतं, आणि रंग तर खोटाच. चादरीचा डाळिंबी आमच्या निळ्या-काळ्यात कुठून येणार? पण एका दुपारी भाच्यानं टॉवेलचा तुकडाच काचेवर पालथा घातला, वर जाड पुस्तक ठेवलं आणि मास्टर काढला. टेरीचा एकेक फेरा उठला. चादरीचा तुकडा ठेवला, तर ताणा-बाणा मोजता यावा. विणकरांच्या हातात ते पान दिलं तेव्हा एका मामांनी चष्मा वर करून धागे मोजले आणि कुठल्या लूमचं असेल ते सांगितलं. फक्त स्क्रीनचे (रांगेतले) ठिपके लावू नका, विणीच्या रेघा आणि ठिपक्यांच्या रेघा भांडतात, पानभर लाटा दिसतात. ग्रेन-टच, म्हणजे विस्कटलेल्या ठिपक्यांची सेटिंग, ठेवा.

दुसरा अंक जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या जत्रेचा होता. कल्पना उसनी आहे, कबूल करतो. १९८० साली लंडनला टेरी जोन्स नावाच्या, आधी ब्रिटिश ‘व्होग’ या फॅशन मासिकात कला दिग्दर्शक असलेल्या माणसानं ‘आय-डी’ हे मासिक सुरू केलं. मजकूर टाइपरायटरवरचा, अंक हातानं स्टेपल केलेले. आत रस्त्यावरची माणसं भिंतीला उभी, डोक्यापासून पायापर्यंत, अंगावर काय आहे ते सांगणारी. याला ‘स्ट्रेट-अप’ म्हणतात. चकचकीत मासिकातून उठून कुणी स्टेपलरकडं येतो ही मला मोठी गोष्ट वाटते. आपल्याकडंही १९५४ चं ‘शब्द’ हे लघुनियतकालिक सायक्लोस्टाइलवरच निघालं होतं, आणि त्यातले कवी अरुण कोलटकर पोटासाठी जाहिरातीत डिझाइनचं काम करत. कवितेचा माणूस आणि मांडणीचा माणूस एकच.

तर आम्ही सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांसोबत (जत्रेतल्या उंच काठ्यांसोबत) चालणाऱ्यांना उभं केलं, पांढऱ्या बाराबंदीत, म्हणजे बंदांनी बांधायच्या अंगरख्यात. पांढरा कपडा, पांढरा कागद, छापणार काय? भाच्यानं माणसामागची भिंत निळी छापली, चेहरा-हात काळ्यात, आणि बाराबंदी म्हणजे कोरा कागद. बंदांच्या गाठी तेवढ्या चार काळ्या रेघांनी. अंगावरचा कपडा कागदाचाच झाला. त्या पानावर रजिस्ट्रेशन सरकलं तिथं खांद्यावर पांढरी कड आली आणि माणूस उजेडात उभा आहे असं वाटायला लागलं. वर गमतीवर टीका केलीय, ती या एका पानापुरती मागं घेतो.

माणसांनी स्वतःबद्दल लिहिलं ते त्यांच्याच अक्षरात छापलं. कुणी मराठीत लिहिलं, कुणी तेलुगूत, एका आजींनी कन्नडमध्ये. टाइप करायची, फॉन्ट शोधायची भानगड नाही, कागद काचेवर ठेवला की झालं. पेन्सिलनं लिहिलेलं फिकं उमटतं, त्यांना काळं स्केचपेन द्या.

बांधणी अक्काकडं. स्टेपल महाग नाहीत, पण युनिफॉर्मचा उरलेला नेव्ही ब्लू दोरा पडून होता, तर घडीवरून सरळ शिलाई मारली. टाका बारीक ठेवला तर कागद तिकिटासारखा फाटतो; मशीनवरचा सर्वांत लांब टाका, पाच मिलिमीटर, लावा. कागदाची सुई वेगळी ठेवा, ती परत कापडाला वापरली तर धागे ओढते. भंगारात मिळालेली जॅकार्डची जुनी कार्डं अंकाभोवती पट्टी म्हणून गुंडाळली. रिसोत ती जाडी जात नाही, म्हणून त्यांच्यावर रबरी शिक्का.

विक्रीचं सांगायचं तर पहिला अंक संपला, दुसरा संपला, तिसऱ्याच्या ४० प्रती शिल्लक आहेत. नफा नाही. पण दोन युनिफॉर्मवाल्यांनी पुढच्या सीझनचा कॅटलॉग याच यंत्रावर मागितलाय, कापडाचा तुकडा काचेवर ठेवूनच. रंग दिसणार नाही हे त्यांना तीन वेळा सांगितलं. ‘रंग आम्ही शेडकार्डावर देतो, तुम्ही वीण द्या’ म्हणाले.

कुणी घ्यावं? महिन्याला पन्नास ते पाचशेच्या मधली कामं ज्याच्याकडं आहेत, हाताला शाई लागलेली चालते आणि घरात एक कायमची जागा देता येते, त्यानं. लग्नपत्रिका, चकचकीत लुकबुक, फोटोतला खरा रंग पाहिजे असेल तर या वाटेला जाऊ नका. जुनं घेताना काउंटरपेक्षा ड्रम तपासा: बाहेर काढून जाळीला खड्डा आहे का बघा, आणि पूर्ण काळा चौकोन छापून मागा. मी तो मागितला नव्हता, म्हणून माझ्या काळ्या छापाला उजवीकडं दोन बोटं फिकी पट्टी आहे.

सध्या शोध पिवळ्या ड्रमचा आहे. कुठल्या शाळेच्या अडगळीत ए-थ्रीचा पडलेला असेल तर सांगा, जाळी धड असली पाहिजे. आतली शाई घट्ट झालेली असली तरी चालेल.