नळदुर्ग : तुळजापूरला गेलात तर पुढे जाऊन पाहावाच असा किल्ला

दर वर्षी आम्ही लातूरहून तुळजाभवानीच्या दर्शनाला जातो आणि दर्शन झाले की उन्हे कलण्याच्या आत घरी पोहोचायच्या घाईने परत फिरतो. यंदा भाद्रपदात मात्र सासूबाई आणि दोन्ही मुलांना घेऊन पुढे नळदुर्गला गेलो. सोलापूर–हैदराबाद महामार्गालगतचा हा किल्ला इतक्या वर्षांत आम्ही फक्त गाडीच्या काचेतून पाहिला होता, याची आत पाऊल टाकताच खंत वाटली.

इथे यायचे ते मुख्यतः पाणी महालासाठी. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या कारकिर्दीत, 1613 मध्ये, बोरी नदीवर दगडी बंधारा घालून नळदुर्ग आणि शेजारचा रणमंडळ किल्ला जोडले गेले आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच हा महाल बांधला गेला. बंधाऱ्याला नर आणि मादी असे दोन सांडवे आहेत. नदीला पाणी आले की दोन्हींवरून धबधबे कोसळतात, आणि महालात उभे राहिले असता तेच पाणी खिडकीसमोरून खाली जाताना दिसते. जिना अरुंद व अंधारा आहे. सासूबाईंना हाताला धरून एकेक पायरी उतरवावे लागले, पण खाली पोहोचल्यावर त्या खिडकीपाशी बराच वेळ बसून राहिल्या. तुषारांनी त्यांच्या पदराचा काठ ओला झाला होता. धाकट्याने मात्र आतल्या भिंतीवर तळहात दाबून धरला आणि मग तो कोरडाच्या कोरडा हात सगळ्यांना दाखवत फिरला. चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी दगड आणि चुना कसा बसवला असेल, हे त्या कोरड्या हाताइतके स्पष्ट मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते.

उपळी बुरुजावर जरूर चढावे. पायऱ्या उंच आहेत, त्यामुळे गुडघेदुखी असणाऱ्यांनी खालीच थांबलेले बरे, परंतु वरच्या लांबलचक तोफा आणि तिथून दिसणारा तटाचा सारा वेढा मुलांच्या मनातून महिनाभर गेला नाही. पाकळ्यांसारखा नऊ अंगांचा नवबुरूजही आम्ही पाहिला, पण तो धावत.

धावत पाहावा लागला तो सोबत घेतलेल्या वाटाड्यामुळे. ठरलेले पैसे त्याने आधीच मागून घेतले, महालातील फारसी शिलालेखापाशी क्षणभरही थांबला नाही आणि पुढचे गिऱ्हाईक दिसताच आम्हाला अर्ध्यावर सोडून गेला. वयस्कर माणूस सोबत असताना असे वागणे मला अक्षम्य वाटते. म्हणून माझे सांगणे असे की वाटाड्या घ्यायचाच असेल तर किती वेळ आणि काय काय दाखवणार हे आधी ठरवून पैसे शेवटी द्यावेत. नाहीतर घरूनच वाचून यावे आणि अर्धा दिवस निवांत हिंडावे.

दुसरी गोष्ट पाण्याची. वरच्या अंगाचे बोरी धरण भरून सांडू लागले की नर-मादी वाहतात, म्हणून निघण्यापूर्वी गावात कोणाकडे तरी चौकशी करावी. कोरड्या दिवसांत महाल पाहता येतो, पण तो कशासाठी बांधला हे डोळ्यांना कळत नाही.

आपल्या मराठवाड्याच्या दृष्टीने इथे आणखी एक जागा आहे, आणि तिच्याविषयी मुलांना सांगितल्याशिवाय परतू नये. 13 सप्टेंबर 1948 रोजी निजामाच्या हैदराबाद संस्थानावरील भारताची लष्करी ‘पोलीस कारवाई’ सुरू झाली तेव्हा सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजेने पहिल्याच दिवशी नळदुर्ग आणि बोरीवरचा पूल ताब्यात घेतला. याच लढाईत हवालदार बचित्तर सिंग यांना वीरमरण आले. त्यांना पुढे मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. शाळेत 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदन का असते, असे थोरलीने मागच्याच वर्षी विचारले होते. परतताना नदीकाठी गाडी थांबवून सासूबाईंनीच, आपल्या वडिलांकडून ऐकलेल्या रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, काळापासून सुरुवात करून, तिला ते सांगितले.