ऐतिहासिक अद्भुत कादंबरी लिहिताय? दादरच्या संहिता-तपासणीबद्दल

मध्ययुगीन मराठी वाङ्मय शिकवणाऱ्या आणि स्वतः ऐतिहासिक अद्भुत कादंबऱ्या लिहिणाऱ्या एक बाई दादरला नवलेखकांच्या संहिता तपासून देतात. जाहिरात करत नाहीत, नाव छापलेलं त्यांना चालत नाही. पत्ता त्यांच्या विद्यार्थ्यांकडून कळतो. शिलाहार आणि यादव राजघराण्यांच्या काळातलं उत्तर कोकण हा ज्यांचा विषय आहे, त्यांनी इथे जावंच.

आधी द्यायचं ते एवढंच: दोन पानी कथासार, पहिली तीन प्रकरणं आणि शके व इसवी दोन्हींत मांडलेला कालपट. बहुतेकांची पहिली चूक कालपटातच सापडते. शकात सरसकट ७८ मिळवलेले असतात. चैत्रापासून डिसेंबर संपेपर्यंत ते बरोबर. जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९ मिळवावे लागतात. नाहीतर माघातली लढाई एक वर्ष आधी जाऊन बसते आणि नायिकेच्या वयापासून सगळं सरकतं.

संहिता दोन रंगांच्या टिपांसह परत येते. लाल म्हणजे काळाशी विसंगत. तेराव्या शतकातल्या स्वयंपाकघरात मिरची, बटाटा, टोमॅटो दिसला की लाल. तिखटाला मिरी आणि आलं घ्या. माहीमहून वरळीला घोडा दौडवला तरी लाल, कारण ही वेगवेगळी बेटं होती आणि वरळीजवळचं समुद्र आत शिरायचा ते खिंडार अठराव्या शतकात बुजवलं गेलं. तेव्हा होडी आली, आणि होडी आली की भरती-ओहोटी आली. बाई कोळ्यांचा जुना हिशेब लावतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराला. कुणी अष्टमीच्या भर दुपारी आरमार खाडीत घुसवलं असेल तर तारवं चिखलात रुतणार. ही चूक फार होते, आणि ती इतकी नेमकी पकडणारं दुसरं कुणी मुंबईत माझ्या माहितीत नाही.

खरी किंमत मात्र हिरव्या टिपेची. तिचा अर्थ, ‘इथे अद्भुत कमी पडतंय.’ नवलेखक जादू बाहेरून आणून चिकटवतात. बाई ती त्या काळाच्या साधनांतूनच काढायला लावतात. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या कोरीव स्मृतिशिळा आहेत. अभ्यासक त्यांचा संबंध शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या सागरी युद्धाशी, म्हणजे इ. स. १२६५च्या सुमाराशी जोडतात. ते पाहून येणं इथे सक्तीचं आहे. वीरगळ खालून वर वाचायचा: खालच्या पट्ट्यांत वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं आणि लढाई, वर गेलं की वीराचा स्वर्गलोक. दगड घडवणाऱ्याने वल्ही आणि अप्सरा सारख्याच खात्रीने कोरल्या. बाईंचा आग्रह असा की कादंबरीतही दोन्ही तितक्याच ठामपणे यायला हवं. अप्सरा दिसली म्हणून वल्ह्यांचा तपशील ढिला पडता कामा नये. ऐतिहासिक अद्भुतावर याहून उपयोगी सूचना मला माहीत नाही.

उत्तर कोकणच्या जुन्या राजांची हकिकत सांगणाऱ्या महिकावतीच्या बखरीबाबत त्या कडक आहेत, ते योग्यच. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी संपादित केलेली ही बखर एका हातची नाही. तिच्यातला केशवाचार्यांचा भाग शके १३७०चा, म्हणजे इ. स. १४४८चा, त्या सागरी युद्धानंतर पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी लिहिलेला. तिच्यातली बिंब राजाची कथा घ्या, पण कोणत्या थरातली घेतली ते कालपटाशेजारी लिहा. दोन थरांतून सोयीचं उचललं की पात्रांच्या पिढ्या जुळत नाहीत.

उणिवाही आहेत. टिपा हाताने लिहिलेल्या असतात आणि अक्षर बारीक आहे. शिवकालीन संहिता त्या घेत नाहीत. कथानक कुठे रेंगाळतं हे सांगत नाहीत; त्यासाठी वेगळा संपादक गाठावा लागतो. परीक्षांच्या मोसमात उत्तर महिनाभर लांबतं.

पहिला खर्डा पूर्ण व्हायच्या आधीच द्या. नंतर एक तिथी बदलली की भरती बदलते, भरतीबरोबर लढाईची वेळ, आणि मग प्रकरणंच्या प्रकरणं नव्याने लिहावी लागतात. आणि कथासारात प्रत्येक प्रसंगापुढे तिथी टाका. तिथी नसलेलं कथासार न वाचता परत येतं.