श्रीहरिकोटा की थुंबा?
कोथरूडच्या भाचीला सुट्टीत लेकाला रॉकेटचं केंद्र दाखवायचंय, पण दोन नावांवर घोडं अडलंय.

प्रवास थुंब्याचा लांबचा, थेट तिरुवनंतपुरमपर्यंत. श्रीहरिकोट्याला चेन्नई गाठून पुढे सुळ्ळुरुपेटा. भरवसा मात्र थुंब्याचाच. श्रीहरिकोट्याचं उड्डाण ऐन वेळी पुढे ढकललं की सुट्टी वाया, शिवाय प्रेक्षक गॅलरीसाठी आधी ऑनलाइन नोंदणी. पण उड्डाण झालंच, तर आधी झगझगीत उजेड आणि काही सेकंदांनी छातीत घुमणारा आवाज! त्याला तोड नाही.

थुंब्यात जुनं चर्च आहे. १९६३ साली पहिल्या रॉकेटची तयारी तिथेच झाली; आता ते संग्रहालय आहे. पोराला इतिहासाची गोडी असेल, तारखा पक्क्या असतील, तर थुंबा. चार दिवस जास्तीचे हाताशी असतील, तर श्रीहरिकोटाच.