एक हरवलेली, एक झिजलेली: गाडीच्या चावीचा दहा महिन्यांचा अनुभव

आमची गाडी २०१५ सालची, पेट्रोलवर चालणारी लहान हॅचबॅक आहे. तिच्याबरोबर मिळालेल्या दोन फ्लिप चाव्यांपैकी (ब्लेड कवचात दुमडणाऱ्या चाव्या) चांगल्या स्थितीतली चावी गेल्या वर्षी हरतालिकेच्या दिवशी मंडईत माझ्या हातून हरवली. पत्री आणि फुले घेण्याच्या गर्दीत ती पिशवीतून नेमकी कुठे पडली, हे कळण्याचा काही मार्ग नव्हता. घरी जी दुसरी चावी होती, तिच्या बटणांवरचे रबर फाटलेले होते, कवचाला तडा गेल्यामुळे ती चिकटपट्टीने बांधलेली होती आणि तिचा रिमोट बंद पडून वर्ष उलटले होते. ह्यांनी ती कोथरूडहून रिक्षाने आणून दिली. वाहनतळात त्या चावीने दार उघडताच गाडीचा भोंगा जोरजोरात वाजू लागला आणि इग्निशनमध्ये चावी फिरवल्यावरच तो थांबला. गाडी मात्र पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली.

रिमोट मेलेला असताना गाडी सुरू कशी झाली, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला आणि त्याचे उत्तर समजून घेतल्यामुळेच पुढचे निर्णय बरे झाले. अशा एका चावीत तीन वेगवेगळ्या वस्तू एकत्र राहत असतात. पहिली म्हणजे कुलूप फिरवणारे धातूचे ब्लेड. दुसरी म्हणजे दारे उघडणारा रिमोट, ज्याला बटणसेल लागतो. तिसरी म्हणजे इमोबिलायझरची, म्हणजे अनोळखी चावीने इंजिन चालू न देणाऱ्या व्यवस्थेची चिप. या चिपला स्वतःचा सेल नसतो. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचे एक वेटोळे असते, त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून चिपला क्षणभरापुरती ऊर्जा मिळते, ती आपली ओळख कळवते आणि ती ओळख गाडीच्या स्मृतीत नोंदलेली असेल तरच इंजिन चालू राहते. म्हणून सेल संपलेल्या चावीनेही गाडी चालते, आणि ब्लेड अगदी हुबेहूब कापलेले असले तरी चिप नसलेल्या चावीने ती चालत नाही. युरोपात नव्या मोटारींना ही व्यवस्था १९९८ पासून सक्तीची झाली. आपल्याकडच्या साध्यासुध्या गाड्यांतही ती आता सर्रास असते.

त्याच संध्याकाळी पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवलेल्या वस्तूची नोंद केली. हे काम लगेच करावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण पुढे गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सहसा मूळच्या दोन्ही चाव्या मागते आणि त्यातली एक का देता येत नाही याचा कागद आपल्याजवळ असावा लागतो. विम्याची पॉलिसी काढून वाचली तेव्हा चावी बदलून देण्याचे वेगळे पूरक संरक्षण असते आणि ते आम्ही घेतलेले नव्हते, हेही समजले. सगळा खर्च त्यामुळे आमच्याच खिशातून झाला.

पहिली चौकशी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये केली. तिथे एका नव्या चावीसाठी प्रोग्रामिंगसह, म्हणजे तिची गाडीच्या स्मृतीत नोंद करण्यासह, ९,८०० रुपये आणि सुमारे पंधरा दिवस सांगितले. चावी हरवली असल्याने संपूर्ण लॉकसेट, म्हणजे सगळी कुलपे आणि त्यांच्या चाव्या, बदलावा, असाही सल्ला मिळाला आणि त्याची रक्कम याच्या दुपटीहून अधिक होती. तो सल्ला चुकीचा नव्हता, कारण हरवलेल्या चावीचे ब्लेड दाराच्या कुलपात पुढेही चालणारच असते. पण त्या चावीवर आमच्या गाडीचा क्रमांक लिहिलेला नव्हता, पत्ताही नव्हता आणि ती मंडईच्या गर्दीत पडली होती. एवढा खर्च करण्याइतका धोका मला वाटला नाही. मात्र ज्यांची चावी घराच्या चाव्यांसह किंवा पत्ता असलेल्या पाकिटासह गेली असेल, त्यांनी लॉकसेटचा खर्च टाळू नये.

शेवटी नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, फक्त मोटारींच्या चाव्यांचे काम करणाऱ्या एका दुकानात आम्ही गेलो. दुकानदाराचा पहिला प्रश्न होता, "काकू, आरसी बुक आणि आधार आणलंय ना? ते बघितल्याशिवाय मी मशीन लावत नाही." त्या एका वाक्याने माझा निम्मा निर्णय झाला. गाडी कोणाची आहे हे न विचारता चावी करून देणारा माणूस उद्या दुसऱ्या कोणालाही आपल्या गाडीची चावी करून देऊ शकतो.

दोन गोष्टी तिथे नीट समजल्या. पहिली ब्लेडबद्दलची. आमची उरलेली चावी दहा वर्षांच्या वापराने झिजलेली होती आणि झिजलेल्या चावीवरून नक्कल काढली की झीजही तशीच्या तशी नव्या ब्लेडवर उतरते. त्यावर उपाय म्हणजे मूळ क्रमांकावरून ब्लेड कापणे. गाडी घेतली तेव्हा चाव्यांसोबत एक छोटी धातूची पट्टी मिळाली होती, तिच्यावर तो क्रमांक कोरलेला असतो. सुदैवाने ती पट्टी गाडीच्या कागदपत्रांच्या फायलीत सापडली. ज्यांच्याकडे अशी पट्टी आहे, त्यांनी ती गाडीत कधीही ठेवू नये, घरात जपून ठेवावी आणि तिचे छायाचित्र कोणालाही पाठवू नये.

दुसरी गोष्ट चिपबद्दलची, आणि या सगळ्या अनुभवात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच. नवी चिप दोन प्रकारांनी तयार होते. एका प्रकारात जुन्या चिपची ओळखच नव्या चिपवर उतरवतात, त्याला दुकानात क्लोन म्हणतात. हे काम लवकर आणि स्वस्तात होते, गाडीला यंत्र जोडावेही लागत नाही. पण गाडीच्या स्मृतीत काहीच बदलत नाही, त्यामुळे हरवलेली चावी पूर्वीइतकीच हक्काने गाडी सुरू करू शकते. दुसऱ्या प्रकारात स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडी तपासण्याचे यंत्र लावायच्या जागी, यंत्र जोडून जुन्या सगळ्या नोंदी पुसतात आणि समोर असलेल्या चाव्याच नव्याने नोंदवतात. यासाठी घरातली प्रत्येक चावी बरोबर न्यावी लागते, नाहीतर घरी राहिलेली चावीसुद्धा हरवलेल्या चावीबरोबरच बाद होते. क्लोनचे २,२०० आणि प्रोग्रामिंगचे ४,२०० रुपये सांगितले होते. मी दुसरा प्रकार निवडला आणि काम झाल्यावर यंत्राच्या पडद्यावर नोंदलेल्या चाव्यांची संख्या दोनच आहे, हे स्वतः पाहिले. चावी करून घेणाऱ्या प्रत्येकाने तो आकडा पाहण्याचा आग्रह धरावा. दोन हजार रुपयांच्या फरकात हरवलेल्या चावीचा गाडी चालवण्याचा हक्क कायमचा गेला, आणि मला वाटते की पैसे खऱ्या अर्थाने त्यासाठीच दिले गेले.

प्रोग्रामिंगच्या आधी त्यांनी गाडीच्या बॅटरीचा विद्युतदाब मोजला, कारण मध्येच बॅटरी बसली तर नोंदणी अर्धवट राहून गाडी अडकू शकते. पूर्ण कामाला ब्लेड कापण्यासकट सुमारे पाऊण तास लागला.

जुन्या चावीसाठी नवे रिकामे कवच ६०० रुपयांना घेतले. त्यात आतले भाग दुकानातच बसवून घ्यायला हवे होते, पण उशीर झाल्यामुळे ते काम मुलाने घरी केले. रिमोटची सर्किटची पट्टी, बटणे आणि ब्लेड सर्व नीट बसले, सेल नवा घातला, दारेही उघडू लागली. गाडी मात्र सुरू होईना. चालू होऊन लगेच बंद पडे आणि डॅशबोर्डवर चावीच्या चिन्हाचा दिवा लुकलुकत राही. इमोबिलायझरची चिप जुन्या कवचाच्या कोपऱ्यातल्या खाचेतच राहिली होती. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा असा तो काळा तुकडा आहे आणि प्लास्टिकचाच भाग वाटावा इतका साधा दिसतो. काही गाड्यांत ही चिप रिमोटच्या पट्टीवरच जोडलेली असते, आमच्या गाडीत ती सुटी आहे. जुने कवच कचऱ्यात गेले नव्हते, म्हणून अर्ध्या तासात प्रश्न सुटला. कवच बदलणाऱ्यांनी जुने कवच किमान महिनाभर तरी सांभाळावे.

आता दहा महिन्यांच्या वापराबद्दल. दोन्ही चाव्या मी आणि हे आळीपाळीने वापरतो, त्यामुळे दोघींची तुलना करता आली. इग्निशनमध्ये नवे ब्लेड अतिशय सहज फिरते. आधी चावी किंचित बाहेर ओढून फिरवावी लागे आणि तो दोष कुलपाचा आहे असे आम्ही वर्षानुवर्षे समजत होतो, तो चावीच्या झिजेचा होता. चिपने या काळात एकदाही दगा दिलेला नाही. पहाटे सिंहगडाच्या पायथ्याशी गारठ्यात उभी असलेली गाडीही तिने लगेच सुरू झाली.

एकदा मात्र धक्का बसला. दिवाळीत सासरी जाताना दोन्ही चाव्या हरवू नयेत म्हणून मी त्या एकाच कडीत अडकवल्या. त्यानंतर दोन दिवसांत तीनदा गाडी सुरू होऊन बंद पडली. दुकानात फोन केला तेव्हा त्यांनी आधी कडीत दुसरी चावी आहे का, असे विचारले. इग्निशनजवळ दोन चिपा एकदम आल्या तर दोघी एकाच वेळी उत्तर देऊ लागतात आणि गाडीला कोणाचीच ओळख नीट ऐकू येत नाही. चाव्या वेगळ्या केल्यापासून हा त्रास एकदाही झालेला नाही.

रिमोटचा अनुभव चिपइतका निर्दोष नाही. नव्या चावीचा रिमोट बाजारातला आहे, कंपनीचा नाही. त्याचा पल्ला मूळ रिमोटच्या निम्मा असावा. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून जुनी चावी दारे बंद करते, नवीला खाली उतरावे लागते. सोबत आलेला सेल चौथ्या महिन्यातच संपला. त्या जागी नामांकित कंपनीचा सीआर २०३२ घातला आणि तो सहा महिने उत्तम चालू आहे, म्हणजे दोष रिमोटचा नसून सेलचा होता. हा सेल २० मिलिमीटर व्यासाचा असतो. लहान मूल असलेल्या घरांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगते. गिळलेला असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकतो. आमचा नातू तीन वर्षांचा आहे, म्हणून काढलेला सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मी त्याच दिवशी घराबाहेर काढला, आणि चावी त्याच्या हातात खेळायला देणे पूर्ण बंद केले. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालयात जावे.

पावसाळ्यासाठी सिलिकॉनचे आवरण घेतले होते, ते मी काढून टाकले. बाहेरचे पाणी त्याने अडते, पण एकदा आत शिरलेला ओलावा तिथेच कोंडून राहतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात बटणे अडखळू लागली म्हणून कवच उघडले, तर सेलच्या पत्र्यावर हिरवट थर दिसला. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तो पुसला, तासभर वाळू दिले आणि बटणे पूर्ववत झाली. आता चावी पर्सच्या आतल्या कप्प्यात साध्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवते.

नव्या चावीची फ्लिप स्प्रिंग सातव्या महिन्यापासून सैल झाली आहे. ब्लेड पूर्ण बाहेर येत नाही, शेवटी बोटाने ओढावे लागते. मूळ चावीची स्प्रिंग कवच बदलेपर्यंत, दहा वर्षांनंतरही, कडक होती, तेव्हा या बाबतीत कंपनीच्या मालाला मी अधिक गुण देईन. दुकानाने चिप आणि रिमोटवर वर्षभराची हमी लिहून दिली आहे, स्प्रिंगचा त्यात उल्लेख नाही. तरीही विचारले तेव्हा ते म्हणाले, "गाडी कशाला आणता काकू, नुसती चावी घेऊन या, कवच बदलून देतो." त्यांनी पैसे मागितलेले नाहीत.

ज्यांची गाडी बटण दाबून सुरू होते, त्यांना माझ्या खर्चाचा हिशेब लागू पडणार नाही. त्या चाव्या बऱ्याच महाग असतात आणि त्यांच्यासाठी मी स्वतः सर्व्हिस सेंटरलाच जाईन. एवढे मात्र माहीत असावे की तशा चावीचा सेल संपला तरी तिच्या आत दार उघडण्यासाठी एक लहान ब्लेड दडवलेले असते, आणि अनेक गाड्यांत ती चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून धरली की गाडी सुरू होते. नेमकी जागा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते.

शेजारच्या वहिनींच्या भाच्याकडे जुन्या गाडीची एकच चावी होती आणि ती पायथ्याच्या आतकरवाडीहून सिंहगड चढताना वाटेत पडली. गाडी उचलून आणावी लागली, नोंदणीसाठी इमोबिलायझरचा भाग सोडवावा लागला आणि आमच्या चौपट खर्च झाला. आमचे काम पाच हजारांच्या आत आटोपले, याचे कारण मंडईतल्या त्या दिवशी चिकटपट्टीने बांधलेली का होईना, पण चिप जिवंत असलेली दुसरी चावी घरात होती. विम्याच्या नूतनीकरणात चावीचे पूरक संरक्षण आता घेतले आहे, पोलिसांकडच्या नोंदीची प्रत पॉलिसीला जोडली आहे, आणि येत्या गुरुवारी स्प्रिंगसाठी नाना पेठेत जायचे आहे.