एनएस 200 साठी घेतलेला पॅडॉक स्टँड: 11 महिने वापरल्यावर

मे अखेरच्या नवतप्याचा तिसरा दिवस होता. ऊन तापायच्या आत चेन धुऊन घ्यावी म्हणून सकाळी साडेसहालाच माझी बजाज पल्सर एनएस 200 पॅडॉक स्टँडवर, म्हणजे मागचं चाक जमिनीवरून उचलून धरणाऱ्या स्टँडवर, चढवली. मागचं चाक हाताने फिरवत ब्रश मारत होतो, तेवढ्यात डावीकडून चर्र असा ओला आवाज आला. बघतो तर स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा आडवा दांडा) स्टँडच्या रबरावरून बोटभर सरकलेला. ब्रश टाकला, मागचा हँडल धरला आणि बाबांना हाक मारली. ते पोर्चमध्ये येईपर्यंत डावी बाजू निसटली, चाक फरशीवर आपटलं आणि दीडशे किलोंच्या वरची गाडी साइड स्टँडवर कलली. चेन धुताना साइड स्टँड उघडा ठेवायची सवय आहे म्हणून टाकी वाचली. नाहीतर पंप हाउसच्या भिंतीवर गेली असती.

गाडी सावरल्यावर डाव्या कपातलं, म्हणजे स्विंगआर्म टेकतो त्या खोबणीतलं, रबर दाबून पाहिलं. उन्हात राहिलेल्या गुळाच्या ढेपेसारखं चिकट झालेलं. बोट काळं, स्विंगआर्मच्या खालच्या अंगावर काळा डाग, आणि रबराचा एक तुकडा लोखंडी पट्टीपासून सुटून बाहेर आलेला. ऑक्टोबरमध्ये दसऱ्याच्या आधी घेतलेला हा स्टँड तोवर मला इतका आवडला होता की ऑफिसातल्या दोघांना मी तोच घ्यायला सांगितला होता. त्यांच्यासाठीच हे लिहितोय, आणि जे आता घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी.

एनएसला सेंटर स्टँड नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. माझं रोजचं येणं-जाणं नागपुरातल्या मनीषनगरपासून बुटीबोरीपर्यंत, म्हणजे आठवड्याला साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर. दर 500 किलोमीटरला चेन साफ करून तेल द्यायचं म्हटलं की दर दहा दिवसांनी हे काम येतंच. स्टँड नव्हता तेव्हा वीतभर चेनला तेल लावायचं, गाडी हातभर पुढे ढकलायची, पुन्हा वीतभर. पावसाळ्यात काटोलकडे बहिणीच्या शेतावर जाऊन आलं की काळी माती चेनमध्ये अशी बसते की वाळल्यावर पिनने कोरावी लागते. तेव्हा एका कामाला पाऊण तास जायचा, बायकोला हँडल धरून उभं राहावं लागायचं, आणि तरी दोन-चार कड्या कोरड्याच राहायच्या.

स्टँड निवडताना मी बरेच दिवस घेतले. काठीसारखा छोटा जॅक मिळतो, साइड स्टँडच्या विरुद्ध बाजूने स्विंगआर्मखाली लावायचा. स्वस्त आणि डिकीत मावणारा आहे, पण पोर्चच्या उतारावर त्याचा भरवसा वाटला नाही. रोलरची प्लेट मिळते, तिच्यावर मागचं चाक चढवून जागेवर फिरवता येतं. तेल द्यायला ती चांगली आहे, पण चाक काढायचं असेल तर तिचा उपयोग शून्य. ओळखीच्या वेल्डरने सेंटर स्टँडच बनवून देतो म्हटलं होतं. एनएसचा सायलेन्सर पोटाखाली असतो, तिथे स्टँडला जागाच कुठे आहे? मग पॅडॉक स्टँडच उरला. त्यात दोन जाती. स्विंगआर्मला बॉबिन (स्टँड अडकवायच्या, बाहेर आलेल्या गोल खुंट्या) असतील तर हुकचा, नसतील तर एल आकाराच्या रबरी कपांचा. माझ्या गाडीला बॉबिनचे आटे नाहीत, म्हणून कपांचा घेतला. 1,750 रुपयांना पडला. पोटाखालच्या सायलेन्सरचा इथे फायदाच झाला, कारण उजवीकडे स्टँडच्या बाहीला काही आडवं येत नाही. ज्यांचा सायलेन्सर उजवीकडे खाली लांब आहे त्यांनी घेण्याआधी मोजून बघा.

तेव्हा मी सगळं लक्ष पाइपवर दिलं. जाडी किती, वेल्डिंग कसं, वजन किती सोसतो, चाकं किती मोठी. रबराकडे पाहिलंही नाही, आणि सगळी गोची तिथेच झाली.

पहिले सात महिने खरंच सुखाचे गेले. एकट्याने चढवायला शिकायला चार-पाच वेळा लागल्या. गाडी साइड स्टँडवरून सरळ करायची, डावा हात मागच्या हँडलवर, डावा कप टेकवायचा, मग उजवा, आणि उजव्या हाताने स्टँडचा दांडा एका दमात खाली. अर्धवट दाबून थांबलात तर गाडी पुढे सरकते, म्हणून पुढच्या ब्रेकला रबरी पट्टा बांधून ठेवतो. सुरुवातीला कोणालातरी हँडल धरायला उभं करा, यात लाज वाटून घेऊ नका.

चेनचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघायलाही हा फार सोयीचा आहे. सेंटर स्टँडवर गाडी फ्रेमला उचलली जाते, स्विंगआर्म खाली लोंबतो आणि प्ले बदलतो. पॅडॉक स्टँड स्विंगआर्मलाच उचलतो, शॉकरवर गाडीचं वजन तसंच राहतं, त्यामुळे मोजलेला प्ले जमिनीवरच्या मापाच्या अगदी जवळ येतो. चाक फिरवत चार-पाच जागी मोजा, चेन सगळीकडे सारखी ताणत नाही. जिथे सगळ्यात घट्ट असेल ती जागा धरून ॲडजस्ट करा. उलट शॉकर किंवा स्विंगआर्म उतरवायचा असेल तर या स्टँडला हात लावू नका, कारण सगळा भार त्याच स्विंगआर्मवर टेकलेला असतो.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. इंजिन चालू करून, गिअर टाकून चाक फिरवत चेन पुसू नका. आमच्या प्लांटमधल्या एका मुलाच्या बोटाचं पेर स्प्रॉकेटमध्ये गेलं आहे. चाक हातानेच फिरवा.

आता रबर. मी त्याच दिवशी कंपनीला फोटो पाठवले आणि लिहिलं की तुमचं रबर नागपूरच्या उन्हात वितळलं. दोन दिवसांनी उत्तर आलं की रबर हा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत येत नाही, आणि तुमच्याकडे तापमानही जास्त असतं. मला संताप आला. मे महिन्यात विदर्भात 45 च्या वर पारा जातो हे देशाला ठाऊक आहे, मग इथे विकायचा कशाला? तीन वेळा मेल केले, दोनदा फोन केला, प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं. नवीन कप वेगळे विकतही नाहीत. रबरासाठी 1,750 चा स्टँड भंगारात टाकायचा हे मला पटण्यासारखं नव्हतं.

पुढच्या रविवारी कप खोलायला घेतले तेव्हा एक गोष्ट खटकली. उजव्या कपातलं रबर जवळजवळ नव्यासारखं होतं. कडक, कोरडं, कडा जशाच्या तशा. दोन्ही कप त्याच पोर्चमध्ये, त्याच उन्हाळ्यात राहिलेले. ऊनच कारण असतं तर दोन्ही सारखेच गेले असते. मग लक्षात आलं, चेन डावीकडे आहे. चेन धुतलेलं डिझेल, वर दिलेलं गिअर ऑइल, सगळं डाव्या कपावर ठिबकतं. रॉकेल हल्ली मिळत नाही म्हणून मी अर्धा लिटर डिझेल आणून ठेवतो, आणि प्रत्येक वेळी त्यातलं थोडं तिथे जाऊन बसत होतं.

खात्री करावी म्हणून उजव्या रबराचे दोन तुकडे कापले. एक गच्चीवर टाकीच्या झाकणावर ठेवला, भर उन्हात. दुसरा बाटलीच्या टोपणात डिझेलमध्ये बुडवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवरचा तुकडा गरम होता, पण होता तसाच. डिझेलमधला टोपणाच्या कडेला टेकेपर्यंत फुगला होता, नखाने दाबलं की खड्डा पडत होता. तीन दिवसांनी गच्चीवरचा अजून तसाच होता. माझी उन्हाबद्दलची तक्रार चुकीची होती, ती मी मागे घेतो.

रबरातही जाती असतात. साधं रबर डिझेल आणि तेल शोषून घेतं, फुगतं आणि मऊ पडतं. नायट्राइल रबर तेलाला दाद देत नाही, म्हणून ऑइल सील आणि पेट्रोलच्या पाइपात तेच वापरतात. माहीत असूनही माझ्या ध्यानात आलं नाही, कारण स्टँड म्हटलं की आपण लोखंडच बघतो.

इतवारीत लोहाओळीच्या बाजूला एका पॅकिंगच्या दुकानात गेलो. साधं रबर मागितलं असतं तर दिलं असतं त्याने, पण मी चेनचं कारण सांगितल्यावर काउंटरवरचे काका म्हणाले, "मंग साधं काऊन घेता भाऊ? ऑइलवालं घ्या नं, दोन पैशे जास्त लागतीन पण फुगत नाही." पाच मिलिमीटरची नायट्राइल शीट, दोन्ही कपांपुरता तुकडा, 140 रुपये. पट्टीवरचं जुनं रबर ब्लेडने खरवडलं, पट्टी पॉलिश पेपरने घासली, चिकटवलं, आणि नुसत्या चिकटवण्यावर न राहता प्रत्येक कपात दोन चपट्या डोक्याचे स्क्रू मारले. डोकी रबरात आत बुडलेली हवीत, नाहीतर स्विंगआर्मचा रंग खरवडेल. संध्याकाळी गाडी चढवली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी केसभरही हललेली नव्हती.

तेव्हापासून जून, जुलै, ऑगस्ट गेले. पावसाळ्यात दोनदा काटोल झालं, काळी माती धुतली, डिझेल ठिबकलं. रबर दर वेळी पुसतो, ते कडक आहे. स्विंगआर्मवरचा जुना डाग मात्र गेला नाही. पाइपचा काळा रंग वेल्डिंगपाशी सुटून थोडा गंज धरलाय, त्यावर रेड ऑक्साइड मारून घेतला. नायलॉनची चाकं गुळगुळीत फरशीवर थोडी घसरतात, पण पायाने अडवलं की झालं. या बारीक गोष्टींसाठी मी कोणाला स्टँड घेऊ नका म्हणणार नाही.

ऑफिसातल्या दोघांचे कप मी स्वतः बघितले. एकाचं डावं रबर नुकतंच मऊ पडू लागलं होतं. त्याला त्याच दुकानात घेऊन गेलो, शनिवारी त्याच्या घरी बसून बदलून दिलं. दुसरा चेनचा स्प्रे वापरतो, डिझेलने धूत नाही, त्याचं अजून ठीक आहे. नवीन घेणाऱ्याने दुकानात स्टँड हातात आल्यावर रबर कोणतं आहे ते विचारावं. सांगता येत नसेल तर 140 रुपये बाजूला काढून ठेवावेत.

कंपनीला मी परत मेल केला. उष्णतेबद्दलचं म्हणणं मागे घेतलं, दोन्ही तुकड्यांचे फोटो जोडले, आणि लिहिलं की मला पैसे नकोत, फक्त पुढच्या मालाला नायट्राइल लावा, कारण हा स्टँड माणूस चेन धुवायलाच घेतो. त्याला आता अडीच महिने झाले. तक्रार अजून उघडीच दिसते.