भाकरीची तहान तोर्तियावर: नारवार्तेतल्या कोपऱ्यावरच्या दुकानाचा रिव्ह्यू

मेक्सिको सिटीत येऊन दोन वर्षं झाली. इथल्या नावाजलेल्या रेस्टॉरंटांवर लोकांनी ढिगाने लिहून ठेवलंय, त्यामुळे मी त्या वाटेला जात नाही. मी लिहितेय शहरातल्या नारवार्ते भागात आमच्या घराजवळच्या तोर्तियेरियाबद्दल, म्हणजे मक्याच्या पातळ गोल पोळ्या, तोर्तिया, करून विकणाऱ्या दुकानाबद्दल. दुकानाला धड नाव पण नाही, रंग उडालेल्या भिंतीवर नुसतं 'तोर्तियेरिया' लिहिलंय बास. आपली पिठाची गिरणी आणि पोळी-भाजी केंद्र यांचं लग्न लावून दिलं तर जे होईल ते हे दुकान.

आत एकच मशीन, आणि ते अख्खा दिवस कुईं कुईं करत असतं. वरून कणकेचा गोळा टाकायचा, तो लाटून कापला जातो, मग पट्ट्यावरून विस्तवावर भाजत भाजत पुढे येतो आणि शेवटी टपाटप तोर्तिया पडतात, काही टम्म फुगलेल्या. इथे म्हणतात की मुलीची तोर्तिया फुगली म्हणजे ती लग्नाला तयार. हे ऐकलं आणि मी दुकानातच हसायला लागले, कारण माझ्या आजीने भाकरीवरून मला हेच ऐकवलं होतं आणि माझी भाकरी तेव्हा पापडासारखी चपटी.

भाव: किलोला 24 पेसो, आणि किलोत साधारण पस्तीसेक येतात. आम्ही दोघंच, त्यामुळे अर्धा किलो, म्हणजे 'मेदिओ'. फक्त कॅश घेतात. एकदा मी 500 ची नोट पुढे केली तर काउंटरवरच्या काकूंनी नोटेकडे आणि मग माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने पर्समधली चिल्लर शोधायला लागले.

पहिले काही दिवस मला वाटायचं या काकू खडूस आहेत. मी जायचे, मेदिओ म्हणायचे, त्या न बघता वजन करून द्यायच्या. मग एकदा नीट लक्ष दिलं तर कळलं की येणारा प्रत्येक माणूस आधी 'बुएनास तार्देस' (दुपारचा नमस्कार) म्हणतो, काकूंनाच नाही तर अख्ख्या रांगेला, आणि रांग पण उत्तर देते. मी दुसऱ्या दिवशी म्हटलं आणि काय सांगू, काकूंचा चेहरा खुलला आणि 'काय देऊ ग्वेरिता?' सुरू झालं. ग्वेरिता म्हणजे गोरी! मी, जिला लग्नाच्या बाजारात 'गव्हाळ' लिहून पण लोकांनी विश्वास ठेवला नव्हता. (नंतर कळलं की इथे बाजारात सगळ्या गिऱ्हाइकांना तसंच म्हणतात, रंगाचा काही संबंध नाही. तरी मी ते मनाला लावून घेतलंय, चांगल्या अर्थाने.)

आता मुख्य गोष्ट, चव. सुपरमार्केटमधली पाकिटातली तोर्तिया खाऊन मत बनवलं असेल तर ते विसरा, ती म्हणजे पुठ्ठा. इथली गरम तोर्तिया हातात घेतली की आधी वास येतो, मक्याचा तर येतोच पण त्यात अजून काहीतरी असतं, आणि ते काहीतरी म्हणजे चुना. हो, आपला पानातला चुना. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, सकाळी चोळून धुतात की सालं निघून जातात आणि मग ओलाच दळतात, अशा मक्याला निक्सतमाल म्हणतात, शब्द मूळचा नाहुआत्ल भाषेतला. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाली, अगं चुना लावतायत तुला, पैसे देऊन! पण त्या चुन्यामुळेच मक्यातलं नायसिन, एक जीवनसत्त्व, अंगी लागतं. युरोपातल्या लोकांनी मका नेला, ही रीत काही नेली नाही, आणि पुढे जिथे गरीब लोक नुसत्या मक्यावर जगत होते तिथे पेलाग्राने, म्हणजे नायसिन कमी पडून होणाऱ्या रोगाने, हाल झाले.

सगळ्या दुकानांत असं होत नाही बरं का. बऱ्याच ठिकाणी तयार कोरडं पीठ पाण्यात कालवून मशीनमध्ये टाकतात, ती तोर्तिया गार झाली की लगेच तडकते. आमच्याकडे मागच्या बाजूला भिजवलेल्या मक्याची पिंपं दिसतात, त्यामुळे मला शंका नाही. रांगेत उभं असताना काकू कधीकधी एक गरम तोर्तिया हातावर ठेवतात, काउंटरवर मिठाची वाटी असतेच, चिमूटभर भुरभुरायचं, गुंडाळायचं आणि खायचं. याला 'ताको दे साल' म्हणतात, मिठाचा ताको. खर्डा असता तर अजून मजा आली असती, पण असो.

आता माझी फजिती. 6 जानेवारीला ऑफिसात रोस्का कापतात, म्हणजे गोल गोड पाव, त्यात छोटी बाहुली लपवलेली असते, आणि ज्याच्या तुकड्यात ती निघेल त्याने 2 फेब्रुवारीला सगळ्यांना तमाल, म्हणजे मक्याच्या कणकेचे पानात गुंडाळून वाफवलेले उंडे, खाऊ घालायचे. अर्थात ती माझ्याच तुकड्यात निघाली. मी हौसेने ठरवलं की विकत नाही आणायचे, घरी करायचे, आणि 1 तारखेला कणीक आणायला गेले तर रांग पार कोपऱ्याच्या पलीकडे. काकूंनी विचारलं, तोर्तियाची की तमालची? तमालची जरा जाडसर दळतात. मग विचारलं, साधी की 'प्रेपारादा', म्हणजे तयार केलेली? मी म्हटलं प्रेपारादा, कष्ट वाचतील. घरी पिशवी उघडली आणि शेजारणीने सांगितलं की यात डुकराची चरबी फेटलेली आहे. मी शाकाहारी! दोन किलो कणीक शेजारणीला देऊन टाकली, परत जाऊन रांगेत उभी राहिले आणि साधी आणून तेलात केली. यात दुकानाची चूक शून्य, मी विचारलंच नव्हतं. साध्या मक्याच्या तोर्तियात चरबी नसते, त्यामुळे शाकाहारी लोकांनी ती बिनधास्त खावी, गव्हाच्या तोर्तियाचं मात्र विचारून घ्या.

तक्रारी दोन. रविवारी तीनला शटर खाली, आणि इथे तर जेवणाची वेळच दोन ते चार! दुसरं, मशीन मधूनच रुसतं, मग 'अहोरिता सालेन' म्हणतात, म्हणजे आत्ता येतीलच, आणि हे 'आत्ता' एकदा पाऊण तास चाललं. रांगेतलं कोणी हललं नाही, मीच एकटी घड्याळ बघत होते.

उरलेल्या तोर्तिया टाकू नका. दुसऱ्या दिवशी तुकडे करून तळायचे, वरून टोमॅटो-मिरचीचा रस्सा, झाले चिलाकिलेस, फोडणीच्या पोळीची सख्खी मावसबहीण.

जाताना फडकं घेऊन जा. 2020 पासून शहरात एकदाच वापरायच्या प्लास्टिक पिशव्या बंद आहेत, नाहीतर खाकी कागदात गुंडाळून देतात आणि घरी येईस्तोवर वाफेने कागद चिकटतो. लोक भरतकाम केलेले रुमाल आणतात. मी आईच्या जुन्या इरकलीचा तुकडा नेते, तर काकूंनी काठाला हात लावून विचारलं की हे कोणी विणलं. आता लांबून तो लाल काठ दिसला की मी तोंड उघडायच्या आत तराजूवर मेदिओ ठेवलेलं असतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या रविवारच्या शटरचा कापला.